बालहृदय विभाग, मंगळवार

भिंतीवर जिराफ आहे, त्याच्या मानेवर सेंटिमीटर.
मी त्याच्या डोळ्यांपर्यंत पोचते.
खुर्च्या लाल, वीतभर उंच; बसलं की
गुडघे हनुवटीशी, आणि पर्स कुठं ठेवायची कळत नाही.

मोठ्यांच्या विभागात गेले होते दोनदा.
तिथल्या तरुण डॉक्टरनं फाईल चाळली,
मग दार लोटून आणखी चौघांना बोलावलं,
"बघून घ्या, परत मिळणार नाही."
तेव्हापासून इथंच, जिराफाकडे.

"संज्योत तांबट!" सिस्टर हाक मारते
आणि सगळ्या आया आपापल्या मांडीकडे बघतात.
"वय?"
चव्वेचाळीस म्हटलं की
एक खुळखुळा थांबतो.

ईसीजीवाला नवा. डावीकडे चिकटवायला लागतो.
"उजवीकडे," मी म्हणते, "माझं उजवीकडे असतं."
विनोद समजून तो हसतो,
आणि कागदावरची रेघ बघून
माझी माफी मागतो. रेघेनं काय केलंय त्याचं?

आप्पा बळवंत चौकात, वह्यांच्या दुकानामागच्या बोळात
आमचं रबरी शिक्क्यांचं दुकान. आता माझं.
गिऱ्हाइकांना वाटतं, नखं शाईनं निळी आहेत.
मी वाटू देते.
एका सोसायटीचे सेक्रेटरी तर बाटलीतून रॉकेल घेऊन आले,
"यानं जातं बघा."

अक्षरं उलटी कोरायची असतात.
दादांनी शिकवलं तेव्हा मी नऊ वर्षांची,
शाळेच्या जिन्यानं घरी बसवलेली.
पहिल्या दिवशी एकही चूक झाली नाही.
"हिला उलटंच सुलट दिसतं," दादा कौतुकानं म्हणाले
आणि आईनं गॅस उगीचच बारीक केला.

आईला कुणीतरी आकडा सांगितला होता. बारा.
फार तर पंधरा.
पंधराव्या वाढदिवसाला तिनं श्रीखंड केलं
आणि रात्रभर माझं पांघरूण हलतंय का बघत बसली.
सोळाव्याला परत श्रीखंड, परत पांघरूण.
तिशीनंतर नुसती चिडायची:
पाण्याची बाटली विसरलीस, जिना चढून का आलीस.
आकडा सांगणारे डॉक्टर गेले. मग दादा.
गेल्या पौषात आई.
आता तो आकडा फक्त मला माहीत आहे.
असलं काही कुणाकडे परत करायचं असतं?

मैत्रिणी पर्वती चढतात, मी पायथ्याशी किल्ल्या सांभाळते.
पाच-सहा घरं मुठीत असतात, तासभर.

शेजारी एक पोरगी, बावीस-तेवीसची,
पहाटे दौंडहून निघालेली. मांडीवर बाळ,
त्याच्या ओठांभोवती जांभळं.
"तुमचं कुठंय, बाळ?"
"मीच."
ती हसत नाही. न विचारता माझा हात ओढून घेते.
ढोलाच्या टिपरूसारखी, पुढं फुगलेली माझी बोटं.
त्यांच्याशेजारी बाळाची धरून बघते.
मग विचारत सुटते.
शाळेत घेतलं का. तिखट चालतं का.
रडून रडून निळं पडलं तर आधी काय करायचं.
लग्न झालं का.
मी सगळ्याची उत्तरं देते. एकाचं खोटं.

डॉक्टर म्हणतात, रक्त घट्ट आहे, पाणी पीत जा.
पुढं काय, विचारलं
तर खरं सांगतात: "तुमच्याकडूनच कळेल आम्हाला."

दुपारी दुकान उघडलं. पोस्टातले कुलकर्णी
तारखेचा शिक्का टाकून द्यायला निघालेले.
त्यात वर्षांचा पट्टा असतो, बारा वर्षांचा.
संपला की लोकांना वाटतं, शिक्काच संपला.
मी पट्टा बदलून देते. वीस रुपये.

फोन वाजतोय. दौंडचा नंबर असणार.
मी बोटं फडक्याला पुसते आधी.
पुसून काही जात नाही. सवय.